चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला? जुनी गाडी दुरुस्त करायची की विकायची, याचा हिशेब

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजमध्ये मिस्त्रीमामांनी बॉनेट उघडलं, इंजिन पूर्ण गार असल्याची खात्री केली, रेडिएटरचं झाकण काढलं आणि मला स्टार्टर मारायला सांगितलं. गाडी सुरू झाली तसे कूलंटमधून बुडबुडे वर यायला लागले. एक, दोन, मग सलग, चहाला उकळी फुटावी तसे. मामांनी फडक्याला हात पुसले. "हेडगॅस्केट गेलंय साहेब. हेड खोलल्याशिवाय पुढचं सांगता येणार न्हाई. बेचाळीस हजार धरून चला. वाढलं तर वाढलं." (हेडगॅस्केट म्हणजे इंजिनाचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधलं सील.)

गाडी ऑक्टोबर २०१२ ची, डिझेल, रनिंग १ लाख ८४ हजार. संध्याकाळपर्यंत सल्ल्यांचा ढीग पडला. मेहुणे म्हणाले, फुकून टाक, येईल त्या भावाला. वडील म्हणाले, चांगली चालती की अजून. ऑफिसातल्या एकाने ती म्हण टाकली, जी अशा वेळी कोणीतरी टाकतोच: चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

म्हण झणझणीत आहे, पण तिच्यात एक गोष्ट राहून जाते. कोंबडी विकली तरी रात्री जेवायचं आहेच. जुनी गाडी काढली की दुसरी दारात आणावी लागते आणि तिचा मसाला वेगळा. म्हणून दुरुस्तीचं बिल जुन्या गाडीच्या बाजारभावाशी लावून बघणं हाच मुळात चुकीचा हिशेब आहे. ते लावायचं दुसऱ्या गाडीच्या महिन्याच्या खर्चाशी. ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे त्यांच्यासाठी तो कसा लावायचा, ते क्रमाने सांगतो. (घरात दोन गाड्या आहेत आणि ही महिन्यातून दोनदाच निघते, असं असेल तर फार वाचू नका. विका.)

पायरी १ : गॅरेजमध्ये उभं राहून ठरवू नका

बिलाचा आकडा ऐकल्यावर माणूस एकतर घाबरून "विकतो" म्हणतो, नाहीतर कंटाळून "करून टाका" म्हणतो. दोन्ही महागात पडतात. गाडी गॅरेजमध्ये ठेवा, रिक्षा करा, घरी या. दोन दिवसांनी काही बिघडत नाही. एक काळजी तेवढी घ्या: हेडगॅस्केट, ऑइल प्रेशर किंवा ब्रेकचं दुखणं असेल तर "चालवत चालवत बघू" करू नका. तापणारी गाडी आणखी पन्नास किलोमीटर दामटली की हेड वाकतं आणि बेचाळीसचे सत्तर होतात.

पायरी २ : इंजिनाआधी कागद

ही पायरी बहुतेक जण शेवटी करतात, मीही पूर्वी तसंच करायचो. पण गाडीचं उरलेलं आयुष्य आधी आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, छापलेलं असतं.

खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते. त्यानंतर दर वेळी ५ वर्षांचं नूतनीकरण. ते करताना गाडी आरटीओत दाखवावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि फी लागते: १५ वर्षांपुढच्या कारला ५,००० रुपये, दुचाकीला १,०००. २०२५ च्या ऑगस्टमधल्या बदलानंतर २० वर्षांपुढच्या गाड्यांना ही फी दुप्पट झाली, म्हणजे कारला १०,००० आणि दुचाकीला २,०००. मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. उशीर केला तर कारला महिन्याला ५०० रुपये वाढत जातात.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण एजंट लोक त्यावर धंदा करतात. "पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात" हे दिल्ली आणि आसपासच्या भागाचं प्रकरण आहे. एमएच-०९ ची, म्हणजे आपल्या कोल्हापूरची, खासगी गाडी तपासणीत पास झाली तर पंधरा वर्षांनंतरही कायदेशीर चालते. "आता हिला कोण विचारतंय, माझ्याकडंच द्या" असं कोणी म्हणालं तर हसून निघा.

आरसी हातात घेतली की आणखी चार गोष्टी बघा. कर्ज फिटलं तरी बँकेचं नाव आरसीवर तसंच राहिलेलं असतं. तो बोजा उतरवल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो, आणि बँकेची ती शाखा आता दुसऱ्याच इमारतीत गेलेली असते. थकीत ई-चलनं बघा. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसली आहे का बघा. विमा कधी संपतो ते बघा.

माझ्या आरसीवर मुदत होती ऑक्टोबर २०२७. म्हणजे बरोबर दोन वर्षं हातात. पुढचा सगळा हिशेब मी २४ महिन्यांचा केला तो यामुळे. तुमचे १० महिने उरले असतील तर १० चा करा, नाहीतर नूतनीकरणाचा खर्च धरून पुढे जा.

पायरी ३ : दुखणं कुठल्या जातीचं

रनिंगचा आकडा फसवतो. महामार्गावर पुण्याला ये-जा करून दोन लाख झालेली गाडी आणि शाळा, भाजी, रंकाळा, परत शाळा करत ऐंशी हजार झालेली गाडी यांत मी पहिली घेईन. आकड्यापेक्षा काय गेलं आहे ते महत्त्वाचं, आणि जाणाऱ्या गोष्टी तीन जातींच्या.

पहिली जात घसाऱ्याची. टायर, बॅटरी, क्लच प्लेट, ब्रेक पॅड, शॉकअप, लोअर आर्म, बुश, लिंक रॉड. हे सगळं एकदम आलं की बिल मोठं दिसतं, पण हा गाडीचा आजार नव्हे, वय आहे. उद्या सेकंडहँड घ्याल तीही हेच मागेल, बहुधा पहिल्याच महिन्यात. नुसत्या घसाऱ्याच्या बिलाला घाबरून गाडी विकणाऱ्याच्या जिवावर पुढचा मालक मजेत फिरतो.

दुसरी जात इंजिन आणि गिअरबॉक्सची. इथे थोडं स्वतः बघायला शिका, कठीण नाही. सकाळी पहिला स्टार्टर मारताना मागे कोणाला तरी उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय: पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत जातंय. (थंडीत पहिली दोन मिनिटं निघणारी वाफ वेगळी, तिला घाबरू नका.) काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. तो स्वस्तातही सुटतो, कधी नुसत्या एअर फिल्टरवर.

मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण हळूच सैल करा. झाकण जागेवर थोडं थरथरलं तर ठीक. भकाभका धूर येऊन झाकण उडायला बघत असेल तर रिंगांमधून दाब खाली येतोय, इंजिन काम जवळ आलं. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ, कॉफीसारखा साका दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळलं आहे. डिपस्टिक मात्र एकदा बघून काही कळत नाही. गाडी सपाटीवर लावून दर हजार किलोमीटरला बघा, खूण करा. हजारात अर्धा लिटर खाणारी गाडी वर्षभर सांभाळता येते, लिटरभर खाणारी नाही.

एवढं करून मिस्त्रींना कॉम्प्रेशन टेस्ट (कुठला सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं) करायला सांगा. चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे असतील तर इंजिनात जीव आहे. एकच फार खाली असेल तर त्या एकाचं दुखणं शोधता येतं. चारही खाली असतील तर विचार बदला.

इथे कोल्हापूरकरांचं एक सुख आहे, ते बाहेरगावी राहिलं की कळतं. आपलं गाव फाउंड्रीचं आणि मशीन शॉपचं. उसाला पाणी पाजणाऱ्या ऑइल इंजिनांपासून ही विद्या इथे मुरलेली आहे. हेड फेसिंग (वाकलेलं हेड घासून सपाट करणं), बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग ही कामं उद्यमनगरात गॅरेजपासून दोन गल्ल्यांवर होतात. हेड सकाळी जातं, संध्याकाळी येतं. दुसऱ्या शहरात "इंजिन बदला" म्हणतील ते इथे दुरुस्त होतं. त्यामुळे इंटरनेटवर दिल्ली-बंगळुरूचा कोणी "इंजिन खोललं की गाडी संपली" म्हणत असेल तर ते आपल्याकडे जसंच्या तसं धरू नका. इलेक्ट्रॉनिक्सचं आणि नाजूक भागांचं मात्र उलट. इसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), इंजेक्टर, टर्बो यांच्यापुढे नुसतं हातचं कसब चालत नाही. डिझेल गाडीचे चारही इंजेक्टर आणि टर्बो एकदम बोलायला लागले असतील, तर तिथे मी विकायच्या बाजूचा.

तिसरी जात पत्र्याची, आणि हिच्याबद्दल मी कडक आहे. दाराच्या खालचा गंज, बॉनेटवरचे टिपके हे दिसायला वाईट, बाकी काही नाही. पण गगनबावडा, राधानगरीकडच्या पावसात वर्षानुवर्षं फिरलेली, कोकणात जाऊन येऊन खाली कधी न धुतलेली गाडी लिफ्टवर चढवून बघा. शॉकअप जिथे बसतो तो टॉवर, सस्पेंशन जिथे धरलेलं असतं तो सांगाडा, ब्रेकच्या पाइपलाइन. स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर पत्रा आत गेला तर गाडी बाहेरून कितीही लखलखीत असो, तिच्यात मुलांना बसवू नका. वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील. सांगाड्याला वेल्डिंग मारून मी गाडी ठेवणार नाही.

याच जातीत पुराची गाडी येते. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आपण पाहिला आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच ओलांडलेली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली आणि शाहूपुरी, नागाळा पार्कात पार्किंगमधल्या गाड्यांच्या टपांपर्यंत पाणी. त्यातल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर आल्या. तुमची गाडी डॅशबोर्डपर्यंत बुडाली असेल आणि आता दर दोन महिन्यांनी काहीतरी इलेक्ट्रिकल निघत असेल, तर ते थांबणार नाही. वायरिंगच्या कनेक्टरमध्ये हिरवट गंज धरलेला असतो, एक काढलं की दुसरं. ती विका, आणि पुरात होती हे सांगून विका. आणि बदली गाडी घ्यायला जाल तेव्हा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आत गुंडाळलेल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटच्या रुळाखाली बोट फिरवा. वरचं सगळं धुतलेलं असतं, हे दोन कोपरे धुणाऱ्याच्या हाताला लागत नाहीत.

अपघाताचं काम असेल तर वेगळं: आधी विमा कंपनीला कळवा. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते, मग हा प्रश्नच उरत नाही.

जुन्या पेट्रोल गाडीवाल्यांना जाता जाता एक. पंपावरचं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं आहे आणि त्यातलं इथेनॉल आपल्याच ऊसपट्ट्यातल्या कारखान्यांतही बनतं, पण त्या अभिमानाने जुन्या गाडीचे रबरी होज टिकत नाहीत. मिस्त्रींना फ्युएल होज आणि सील बघायला सांगा. काम फुटकळ, पण गळती लागली तर आगीशी गाठ.

पायरी ४ : अंदाज कागदावर घ्या

"वाढलं तर वाढलं" हे वाक्य कागदावर येत नाही, म्हणून कागद मागायचा. सुटे भाग किती, मजुरी किती, मशीन शॉपचं किती. कंपनीचा पार्ट की लोकल की जुना काढलेला. मी मामांना तीन रकाने करायला लावले: आत्ता केल्याशिवाय गाडी हलणार नाही ते, सहा महिने थांबलं तर चालेल ते, आणि नुसतं शोभेचं. तिसरा रकाना मी तिथेच खोडला.

मग एक प्रश्न विचारा, हा सगळ्यांत कामाचा: "मामा, हे काम केल्यावर पुढच्या वीस हजार किलोमीटरमध्ये आणखी काय निघंल?" चांगला मिस्त्री इथे थांबतो, गाडीकडे बघतो आणि खरं सांगतो. मामा म्हणाले, "पुढची दोन टायर आत्ताच घालायला पायजेत, मागची दिवाळीपतोर. क्लच अजून वरीसभर जाईल. बाकी गाडी गुणाची हाय." जो म्हणतो "काय निघत न्हाई, बिनधास्त राहा", त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

दुसऱ्या गॅरेजचाही अंदाज घ्या, पण पहिल्याचा आकडा सांगू नका. सांगितलात तर तो फक्त दोन हजार कमी करून देतो, गाडी बघत नाही.

पायरी ५ : हिशेब

माझे आकडे देतो. तुमचे वेगळे येतील, पद्धत तीच ठेवा.

गाडी आहे त्या अवस्थेत विकली तर मिळत होते १,२५,०००. दुरुस्त करून विकली तर १,४५,०००. इथेच एक गोष्ट लक्षात येते: ४२ हजार घालून किंमत वाढते २० हजारांनी. "जरा नीट करून मग विकतो" म्हणणारे त्या नादात २२ हजार घालवून बसतात. विकायची असेल तर मोठं काम करायचं नाही.

ठेवायची असेल तर २४ महिन्यांत: हे काम ४२,०००, चार टायर १८,०००, सर्व्हिसिंग आणि किरकोळ वर्षाला १२,००० म्हणजे २४,०००, विमा वर्षाला ६,००० म्हणजे १२,०००. झाले ९६,०००. वर गाडीची किंमत उतरणार. आज १,२५,००० ची, दोन वर्षांनी आरसी संपत आलेली म्हणून मी ७०,००० च धरली. उतार ५५,०००. एकूण १,५१,०००, म्हणजे महिन्याला साधारण ६,३००.

दुसरी बाजू. पाच वर्षांची पेट्रोल गाडी ४,५०,००० ला बघितली होती. जुनीचे १,२५,००० घालून उरलेल्या ३,२५,००० चं १२ टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज. पहिल्या दोन वर्षांत नुसतं व्याज ६६,००० च्या आसपास जातं. किंमत दोन वर्षांत ३,६०,००० वर येईल असं धरलं, उतार ९०,०००. विमा १४,००० प्रमाणे २८,०००. सर्व्हिसिंग १०,००० प्रमाणे २०,०००. घेतल्या घेतल्या टायर, बॅटरी, ऑइल, नाव बदलणं यात २०,०००. एकूण २,२४,०००. महिन्याला ९,३००.

फरक ७३,००० चा. म्हणजे दोन वर्षांत याच आकाराचं आणखी एक काम निघालं तरी जुनी गाडी स्वस्त. मेहुण्यांना कागद दाखवला. ते म्हणाले, "यात डिझेल कुठं धरलंय?" बरोबर होतं त्यांचं, तेही लावून बघितलं. माझं चालवणं महिन्याला ६००-७०० किलोमीटर, त्यामुळे फार हललं नाही. तुमचं दोन हजार असेल तर इंधनाचा फरक नक्की धरा.

या हिशेबात दोन गोष्टी घालायच्या नाहीत आणि एक घालायची आहे. घालायच्या नाहीत त्या: गेल्या वर्षी गाडीत किती घातले (ते गेले, गाडी ठेवा की विका, परत येत नाहीत), आणि गाडी घेताना किती दिले होते. घालायची ती म्हणजे बंद पडण्याची किंमत. माझी गाडी बंद पडली तर मी केएमटीच्या बसने जातो. पण रात्री दोनला दवाखान्यात धावावं लागणारं घर असेल, किंवा गाडीवरच धंदा असेल, कोल्हापूरशेजारच्या गांधीनगरातून कापड उचलून गावोगाव देत असाल, तर एक दिवस गाडी बंद म्हणजे किती रुपये ते लिहा. करूळ घाटात आई-वडिलांना घेऊन अडकण्याचे रुपये लावता येत नाहीत, तिथे ज्याने त्याने बघावं.

आणि नव्या गाडीशी तुलना करत असाल तर आजचा भाव घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधीचे भाव डोक्यात ठेवून सेकंडहँडला जास्त मोजू नका.

पायरी ६ : हेड खोलायच्या आधी मर्यादा सांगा

मी मामांना सांगितलं, साठ हजारांपर्यंत जाऊ. त्यावर एक रुपया वाढणार असेल तर आधी फोन, काम थांबवायचं, मी गाडी तशीच विकणार. हा आकडा हिशेबातूनच येतो, हवेतून नाही. तिसऱ्या दिवशी फोन आलाच. हेड थोडं वाकलं होतं, फेसिंग लागणार होतं, वॉटर पंपही गळत होता. एकूण ४६,५००. मर्यादेत होतं, करा म्हणालो. मर्यादा ठरलेली नसती तर ते साडेचार हजारही मला लुटल्यासारखे वाटले असते.

दुरुस्त करायचं ठरलं तर

एकदा उघडलंय तर शेजारचं काम करून घ्या, मजुरी एकदाच जाते. क्लच उतरवला की रिलीज बेअरिंग, टायमिंग बेल्ट काढला की वॉटर पंप. काढलेले जुने भाग डिकीत ठेवायला सांगा. भांडायला नव्हे, बदलले एवढं कळतं. बिलं जपून ठेवा. दोन वर्षांनी विकताना ती फाइल हजारो रुपये बोलते. रिंगा-पिस्टनचं काम झालं असेल तर पहिले हजार किलोमीटर गाडी दामटायची नाही आणि मग ऑइल बदलायचं.

तपासायला महामार्गावर नेऊ नका, तिथे सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. पन्हाळ्याला न्या. दुपारच्या उन्हात, एसी लावून, चार माणसं बसवून. वाघबीळच्या पुढे चढ लागला की तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा. वर पोचून पाच मिनिटं गाडी चालूच ठेवा, पंखा लागतो का ऐका. माझा काटा मध्यावरून हलला नाही, झुणका-भाकर खाऊन परत आलो.

विकायचं ठरलं तर

धुवा, आत झाडून घ्या, बल्ब आणि वायपर बदला. बास. पॉलिश मारून दुखणं लपवू नका, घेणारा मिस्त्री घेऊनच येतो.

एकाच दिवशी तीन भाव घ्या: एक शोरूमचा एक्सचेंज, एक जुन्या गाड्यांचा व्यापारी, एक ऑनलाइन. ओळखीचं गिऱ्हाईक सहसा सगळ्यांत जास्त देतं आणि सगळ्यांत जास्त फोनही करतं. एक्सचेंजचा बोनस नव्या गाडीच्या किमतीत फिरवलेला असतो, म्हणून जुन्याचा भाव आणि नव्याची सूट वेगवेगळी लिहून मागा.

खरी अडचण गाडी गेल्यावर सुरू होते. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी व्यापाऱ्याला गाडी दिली, टीटी फॉर्मवर, म्हणजे नाव बदलायच्या अर्जांवर, कोऱ्या सह्या दिल्या, पैसे मोजून घेतले. वर्षभर चलनं यांच्याच मोबाइलवर. गाडी कुठे आहे, कोण चालवतंय, पत्ता नाही. चलनाचं एक वेळ सोडा, अपघात झाला तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे: गाडी विकली असली तरी आरटीओच्या नोंदीत नाव तुमचं असेल, तर मालक तुम्हीच आणि भरपाईची जबाबदारीही तुमचीच.

म्हणून नाव बदलायच्या त्या अर्जांवर, फॉर्म २९ आणि ३० वर, घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरल्यावरच सही. विकल्यापासून १४ दिवसांत तुम्ही आरटीओला कळवायचं असतं, ३० दिवसांत घेणाऱ्याने अर्ज करायचा असतो. त्याच्या भरवशावर राहू नका. डिलिव्हरी नोट करा: तारीख, अगदी वेळसुद्धा, रनिंग, दोघांच्या सह्या, त्याच्या ओळखपत्राची प्रत. पूर्ण पैसे खात्यात आल्यावर किल्ली. "विसार देतो, गाडी आज घेऊन जातो, बाकीचे सोमवारी" याला "सोमवारीच या" हे उत्तर. निपाणी, चिकोडीकडचं गिऱ्हाईक आपल्याकडे नेहमी येतं आणि भावही बरा देतं, पण गाडी कर्नाटकात जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी निघाल्याशिवाय हलू देऊ नका. नाव बदललं का ते महिन्याने एम-परिवहन अॅपवर स्वतः बघा.

किल्ली देण्याआधी फास्टॅग बंद करा, नाहीतर किणी नाक्याचा टोल तुमच्या खात्यातून जाईल. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घ्या. तो बोनस गाडीचा नाही, तुमचा आहे, ५० टक्क्यांपर्यंत असतो आणि ३ वर्षांत दुसऱ्या गाडीला लावता येतो. काकांनी तेही घेतलं नव्हतं.

कोणीच घेत नसेल तर

सांगाडा गेलेली गाडी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. गाडी तुकड्यांत जाते, पण आरसी जिवंत राहते आणि चेसिस नंबर कुठे फिरतो कळत नाही. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथून मिळणारं सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट नव्या गाडीच्या करात सवलतीला चालतं. त्यावरून आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या.

माझ्या गाडीचं रनिंग आता १ लाख ९१ हजार आहे. डॅशबोर्डच्या खणात आरसीबरोबर एक चिठ्ठी आहे: "ऑगस्ट २०२७ ला नूतनीकरणाचं बघणे. तोवर एका वेळी २५,००० च्या वर काम निघालं तर करायचं नाही, आहे तशी विकायची." मामांनी ती वाचली, खाली पेनाने लिहिलं, "क्लच धरून का सोडून?" आणि परत खणात टाकली. त्याचं उत्तर अजून लिहायचं आहे.